मंगलीबाईची पुराची कोठी

कोसमटोल्यात मंगलीबाई कुंभरेशी वाद घालायचा असेल तर माणसानं आधी पोटभर जेवून घ्यावं. वाद किती लांबेल याचा नेम नाही आणि शेवटी हरायचंच आहे. गावातल्या एकेचाळीस घरांना हे ठाऊक आहे. सरपंचाला तर जरा जास्तच ठाऊक आहे.

वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर चार बांध्यांपलीकडे धानाची रोवणी, म्हणजे लावणी, करणारी बाई कंबर सरळ करून बघते. नवेगावच्या जंगलाकडची ही लेक एकोणिसाव्या वर्षी आसारामच्या घरी आली. आसाराम वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करायचा. मंगलीबाई उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची, पावसाळ्यात रोवणीला जायची. पुढं गावच्या शाळेत खिचडी रांधायचं काम मिळालं आणि तिथं तिचं खरं कसब लोकांना दिसलं. साठ लेकरांची खिचडी तिनं चौदा वर्षं रांधली. ती कधी कमी पडली नाही आणि वाया जाईल इतकी उरलीही नाही. मूठभर तांदूळ हातात घेतला की किती पोटांचा ते ती सांगायची. तराजू मागवणाऱ्या साहेबाला तिनं एकदा तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, तराजू बिघडते. माहा हात नाई बिघडत."

मग लेकरं कमी झाली आणि शाळा मिटली. उरलेली पोरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावी जायला लागली. खोली रिकामी पडली. चावी मंगलीबाईकडंच राहिली, कारण ती कोणी मागितली नाही आणि तिनं आपणहून दिली नाही.

आता हा नाला. कोसमटोला आणि केशोरीकडं जाणारी सडक यांच्यामधून तो जातो. त्याच्यावर पूल नाही, रपटा आहे. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी टाकलेला सिमेंटचा पट्टा, पाणी कमी असलं तर त्याच्यावरून चालत जायचं. पावसाळ्यात दोन-तीनदा पाणी रपट्यावर चढतं. एखादा दिवस गाव अडकतं, लोक घरी बसून दोऱ्या वळतात आणि पाणी उतरलं की पुन्हा कामाला लागतात. त्याची कोणाला भीती वाटत नसे.

पण तीन वर्षांआधी पाणी उतरलंच नाही. पाच दिवस झाले. महिना संपत आलेला, राशनचं दुकान पलीकडं आणि रोवणीच्या दिवसांत हातावर पोट असलेल्या घरांतली मडकी आधीच तळाला गेलेली. मंगलीबाईच्या घरी चौथ्या दिवशी शेवटची पेज झाली. पाचव्या दिवशी सकाळी आसाराम रिकामी थैली कंबरेला बांधून निघाला. "पानी कंबरेएवढंच हाय," म्हणाला. "दोन तासांत येतो."

तो तिसऱ्या दिवशी सापडला, खाली बांबूच्या बेटात अडकलेला. थैली कंबरेलाच होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मंगलीबाई एकच सांगायची, "पाच किलो तांदळासाठी माहा मानूस गेला." रडायची नाही. बायकांना वाटायचं, ही दगडाची झाली. ती दगडाची झाली नव्हती, तिला राग आला होता. आसारामचा आला होता, पाण्याचा आला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. चौदा वर्षं साठ लेकरांना एक दिवस उपाशी न ठेवणारी बाई आणि तिच्याच घरचं मडकं भर पावसाळ्यात रिकामं! ही गोष्ट तिला गिळता येईना.

दिवसकार्य आटोपल्यावर पहिली ग्रामसभा झाली. सरपंच परसराम रस्त्याच्या मुरमाबद्दल बोलत होते. मंगलीबाई मधेच उठली.

"मुरूम राहू द्या. यापुढं या गावातून भुकेपायी कोनी पान्यात पाय नाई टाकनार. गावाची एक कोठी करायची. दहा दिवस नाला नाई उतरला तरी पुरली पायजे. कसं करायचं ते मी पाहतो, पैसा कुठून येईन तेही मी पाहतो. तुमी फक्त हो म्हना."

सभा हो म्हणाली. नाही म्हणायची कोणाची छाती होती?

तिचा भाचा रूपेश केशोरीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. तो उत्साहानं मोबाइलवरून एक यादी उतरवून घेऊन आला. बिस्किटं, डब्यातलं दूध, नूडल्सची पाकिटं, सुका मेवा, सीलबंद पाण्याच्या बाटल्या. मंगलीबाईनं यादी ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"बाप्पा! हे पुरासाठी हाय का नवरदेवाच्या वरातीसाठी?"

"आत्या, जगात असंच ठेवतात."

"किती लागतीन याले?"

"साठेक हजार तं लागतीन."

"आन बचत गटाजवळ किती हायेत?"

"अकरा."

"मंग लिवलं कायले गा?" तिनं कागद घडी करून त्याच्याच खिशात घातला. "पाहा रूपेश, पुरात मानूस आधीच घाबरून राहते. त्यात त्याले अनोळखी खायले दिलं तं अजून घाबरते. जे रोज ताटात असते तेच पुरात ताटात पायजे. मंग लेकराले वाटते, सारं बराबर हाय."

हे तिचं शास्त्र. कोणी शिकवलं नव्हतं, पण याच्यावर अख्खी कोठी उभी राहिली.

धानावर एक पैसा घालायचा नाही, हे तिनं पहिल्या दिवशीच ठरवलं. धान पिकवणाऱ्या गावानं धान विकत घ्यायचं म्हणजे लाज! दिवाळीच्या आसपास नवं धान घरात आलं, देवाला दाखवून झालं की प्रत्येक घरानं पाच पायल्या कोठीत आणून घालायच्या. ज्यांना शेत नाही त्यांनी धान देऊ नये, हात द्यावे. त्या घरांच्या बायकांनी धान साठवायच्या बांबूच्या दोन मोठ्या ढोल्या शेणामातीनं लिंपल्या, पुरुषांनी जंगलातून वाळली लाकडं आणून शाळेच्या त्या रिकाम्या खोलीच्या माळ्यावर रचली. ओल्या लाकडावर पुरात काय शिजणार, धूरच होणार, हे तिनं आधीच ओळखलं होतं.

गावातले मोठे शेतकरी म्हणजे बकाराम कापगते. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, असं ते दर लग्नात सांगतात. पाच पायल्या घेऊन ते आले तेव्हा मंगलीबाईनं पायली हातात धरून त्यांच्याकडं बघितलं.

"बकारामभाऊ, तुमच्या आजानं तलाव बांधला, हे खरं ना?"

"खरं म्हंजे! अख्खा तालुका सांगते."

"त्यानं काय पाच घमेले माती टाकून हात झटकले होते?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बकारामभाऊंनी संध्याकाळी बैलगाडीतून तीन कट्टे, म्हणजे तीन पोती, धान पाठवलं आणि आठवडाभर मंगलीबाईच्या समोरून गेले नाहीत.

अकरा हजारांतून मग तिनं तेल, मीठ, हळद, तिखट घेतलं. लाखोळीची डाळ फाल्गुनात, कापणी नुकतीच झालेली आणि भाव पडलेला असताना घेतली. अर्जुनीच्या बाजारात मिठाच्या व्यापाऱ्याशी ती इतका वेळ भांडली की शेवटी त्यानं दोन किलो मीठ वर देऊन सुटका करून घेतली. काडेपेट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण मेणानं बंद केलं. मोहफुलं वाळवून मडक्यात भरली. पोरी नाक मुरडायला लागल्या तर म्हणाली, "मुरडा नाक. भूक लागली का सरळ होते."

बचत गटाची सचिव मंजू, हुशार पोरगी, बारावी झालेली. तिनं एकदाच विचारलं, "काकी, आपन तांदूळच काऊन नाही ठेवत?"

"तांदळाले सोंडे लागतात वो. दोन पावसाळे नाई टिकत. धान ठेवलं तं टरफलात दाना सुखरूप राहते. दर साली जुनं वापराचं, नवं भराचं."

हे खरंच होतं, आणि मंजूला पटलंही. सरपंचाला, बकारामभाऊंना, साऱ्यांनाच पटलं. कारण या मुलखात ढोलीत धान आहे म्हणजे घरात जेवण आहे, ही समजूत माणसाच्या हाडात भिनलेली आहे. धान आणि भात यांच्यामध्ये काही असतं, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. केवलरामची चक्की आहेच की गावात! बटण दाबलं की धान आत आणि तांदूळ बाहेर.

दोन पावसाळे कोरडे म्हणावे असे गेले. नाला एक-दोन दिवस चढला, उतरला. कोठी उघडायची वेळच आली नाही. मंगलीबाई चावी कंबरेला अडकवून गावातून अशी फिरायची की जणू तालुक्याचं गोदाम तिच्या नावावर आहे. आणि खरं सांगायचं तर तिला तो दिमाख शोभतही होता.

यंदा श्रावणात पाणी आलं.

शुक्रवारी दुपारी रपटा बुडाला. संध्याकाळी पलीकडच्या अंगाला विजेचा खांब आडवा झाला आणि गावातली लाईट गेली. शनिवारी पाणी वाढलंच. रविवारी सकाळी घराघरांतला तांदूळ संपला तेव्हा सरपंच स्वतः मंगलीबाईच्या दारात आले. "मंगलीबाई, कोठी उघडावी लागते." तिनं पदरानं चावी पुसली. या क्षणासाठी तिनं तीन वर्षं काढली होती आणि ती आनंदली होती, यात लपवायचं काही नाही.

शाळेच्या खोलीसमोर रांग लागली. कोणी ढकलाढकली केली नाही. मंगलीबाईनं घराघराची माणसं विचारली, तेल मापलं, डाळ मापली, मीठ दिलं. सगळं तिनं ठरवलं होतं तसंच चाललं होतं. मग तिनं ढोलीचं तोंड उघडलं आणि मंजूच्या थैलीत पायली भरून धान ओतलं. मंजू थैलीकडं बघत उभी राहिली.

"काकी," ती हळूच म्हणाली, "लाईट नाही."

"मंग?"

"हे कांडाचं कसं?"

मंगलीबाईच्या हातातली पायली तशीच राहिली. रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग साऱ्यांनी मिळून मागं उभ्या असलेल्या केवलरामकडं बघितलं. केवलराम बिचारा ओशाळला. "माही चक्की लाईटवरच चालते ना गा," तो म्हणाला, जणू चूक त्याचीच होती.

घराघरांत धान, कोठीत धान, बकारामभाऊंच्या तर ओसरीवर कट्ट्यांची भिंत, आणि अख्ख्या गावात मुठीएवढा तांदूळ नाही! तीन वर्षं साऱ्या गावानं मिळून भुकेची तयारी केली होती आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. लोकांनी डाळ-तेल घेतलं, धानही घेतलं आणि मान खाली घालून घरी गेले. कोणी तिला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या दिवशी घरोघरी नुसती लाखोळीची डाळ शिजली. डाळीनं पोट भरतं, पण या भागातल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

सोमवारी सकाळी तिच्या दारात प्रिया उभी राहिली. प्रिया म्हणजे आसारामचा चुलत पुतण्या जागेश्वर, त्याची बायको. पंधरा दिवसांची बाळंतीण, तिनं घराबाहेर पडायला नको होतं, पण ती भिजत आली होती.

"काकी, ते नाल्यावर गेले. थैली घेऊन. म्हनतात, पानी कंबरेएवढंच हाय."

 पायात चप्पलही न घालता मंगलीबाई चिखलातून पळत सुटली.

जागेश्वर रपट्याच्या काठावर लुंगी वर खोचून उभा होता. समोर पाणी पिवळं, जोरात, आणि मध्ये एक झाडाची फांदी गरगरत चाललेली. मंगलीबाईनं मागून येऊन त्याचा दंड धरला.

"कुठं चालला?"

"सोडा काकी. पलीकडून दहा किलो तांदूळ आनतो."

"नाई जायचं."

तो वळला. चांगला चाळिशीचा गडी, कधी वर मान करून न बोलणारा. आज त्याचे डोळे लाल होते. "तुमची कोठी भरली हाय, काकी, मी पाहून राहिलो. पन लेकराची माय काय धान चघळंल? दोन दिवस झाले, तिले दूध नाई उतरून राहिलं. लेकरू रडून राहिलं. मी काय करू?"

  मग मंगलीबाईनं जे केलं ते कोसमटोल्यात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. तिनं माघार घेतली.

"माही चूक हाय," ती म्हणाली. "धान भरलं आन कांडाचं इसरली. माहीच चूक हाय. पन माह्या चुकीपायी तू कायले मरतं गा? एक मेला तेवढा पुरे नाई झाला का?"

जागेश्वर पाण्याकडंच बघत राहिला.

"सांज होईपर्यंत थांब," ती म्हणाली. "सांजेपर्यंत प्रियाच्या ताटात भात नाई पडला तं मी सोता या पान्यातून जातो. तुहा काका गेला तसाच. पन तवर तू हलायचं नाई. आसारामची आन हाय तुले."

आसारामचं नाव आलं तेव्हा कुठं तो मागं सरकला. जीव भांड्यात पडला असं म्हणतात, पण मंगलीबाईचा पडला नव्हता. तिनं शब्द दिला होता आणि सांज व्हायला आठ-नऊ तास होते.

गावात शिरता शिरताच तिनं हाका मारायला सुरुवात केली. "मुसळं काढा! कोनाघरी मुसळ हाय? उखळ कोनाघरी हाय?"

चक्की येऊन चाळीस वर्षं झाली होती. मुसळं घरोघरी होती, पण कुठं दाराला अडसर म्हणून, कुठं वेलीच्या मांडवाला टेकू म्हणून. लग्नात हळदीच्या वेळी तेवढी बाहेर निघायची, पुजली जायची, परत कोपऱ्यात. उखळं शोधायला जास्त वेळ लागला. बहुतेक घरांनी घरकुलाच्या कामात जमिनीतली उखळं सिमेंटनं बुजवली होती. एकात केवलरामच्या कोंबड्या पाणी पीत होत्या. एक दगडी बकारामभाऊंच्या गोठ्यात मिळालं, दोन लाकडी माळ्यावरून निघाली. चार उखळं, नऊ मुसळं. शाळेच्या व्हरांड्यात सारं मांडलं.

आणि मग कळलं की कांडायला येतच नाही कोणाला! तिशी-चाळिशीच्या बायकांनी आयुष्यात मुसळ हळदीपुरतं धरलेलं. मंगलीबाईनं लहानपणी आईला कांडताना बघितलं होतं, तेवढंच. पहिल्या चार घावांत धान उखळाबाहेर उडालं आणि दाण्यांचा भुगा झाला.

बकारामभाऊंची आई शांतीबाई, ऐंशी पार झालेली, काठी टेकत तिथं आली. थोडा वेळ तिनं हा तमाशा बघितला.

"काऊन वो, सापाले मारून राहिल्या का?" ती म्हणाली. "मुसळ हातानं नाई, कंबरेनं कांडतात. आन हे धान सर्दावलं हाय. आधी कढईत शेकून घ्या, मंग पाहा टरफल कसं सुटते."

माळ्यावरची वाळली लाकडं खाली आली. चूल पेटली. धान कोमट शेकून उखळात पडायला लागलं. शांतीबाई पायरीवर बसून ताल सांगायची, आणि चुकलं की काठी आपटून शिव्याही द्यायची, त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. दुपारपर्यंत दोघी-दोघींची जोडी जमायला लागली. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. मंजू सूप घेऊन कोंडा पाखडायला बसली. लेकरं रडायला लागली तेव्हा शांतीबाईनं मूठभर धान तापल्या वाळूत टाकून लाह्या फोडून दिल्या, आणि पोरं गप्प झाली.

मंगलीबाई एका उखळावरून हटलीच नाही. हाताची साल निघाली तर तिनं चिंधी गुंडाळली. तिला सारखी सांज दिसत होती. धान घालायचं, कांडायचं, काढायचं, पाखडायचं, परत घालायचं. तांदूळ निघत होता, पण अर्धा तुटत होता, कणी जास्त. "कणी तं कणी," शांतीबाई म्हणाली. "बाळंतिणीले पेज कणीचीच चांगली."

पुरुष मंडळी व्हरांड्याच्या कडेला उभी होती. या गावात पुरुष मुसळाला हात लावत नाहीत. लाकूड तोडतील, धान उचलतील, मुसळ नाही. चार वाजता मंगलीबाईचे हात वर उठेनात. तेव्हा जागेश्वर पुढं आला. त्यानं तिच्या हातातलं मुसळ घेतलं आणि कांडायला लागला. आधी वाईट कांडलं, मग बरं. बायका हसल्या. बकारामभाऊ खोकले. पण दहा मिनिटांनी केवलरामनंही लुंगी खोचली, आणि मग सरपंचांनाही नाइलाजानं उभं राहावं लागलं.

सूर्य ढगांमागं होता, पण अजून मावळला नव्हता. मंगलीबाईनं पहिल्या तांदळाची पेज आणि भात स्वतः रांधला, मीठ चाखलं आणि दोन्ही गंज, म्हणजे पातेली, डोक्यावर घेऊन प्रियाच्या घरी गेली. प्रियानं दोन वाट्या पेज आणि वर डाळभात खाल्ला. मंगलीबाई समोर बसून प्रत्येक घास बघत होती. तिनं स्वतः मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं, कारण तिच्या वाटणीचा तांदूळ त्या दिवशी कांडून झालाच नाही.

मग गावाची चक्की सुरूच झाली म्हणायची. सकाळी अमकी सहा घरं, दुपारी तमकी सहा. पुरुष मुसळावर, बायका सुपावर, शांतीबाई पायरीवर. मंगळवारी मोह आणि लाखोळी शिजवून लेकरांना दिली आणि नाक मुरडणाऱ्या पोरींनी दोनदा मागून खाल्ली. मंगलीबाईनं तेव्हाच सांगून टाकलं, "पुढच्या सालपासून कोठीत उसना, म्हंजे उकडून कांडलेला, तांदूळही राहीन, त्याले सोंडे लवकर लागत नाईत. आन दर घरानं एक मुसळ कोरडं ठेवायचं. याच्यावर सभा नाई घ्यायची, हे ठरलं." तिचा आवाज परत आला होता. ते ऐकून सरपंचांना बरंच वाटलं.

बुधवारी संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. गुरुवारी सकाळी रपटा चिखलासकट वर आला आणि पलीकडून तहसीलची गाडी येऊन थांबली. अन्नाची पाकिटं घेऊन माणसं चिखल तुडवत आली. तलाठी साहेब तरुण होते. त्यांनी फाइल उघडून पंचनाम्याचा कागद काढला. किती घरं पडली, किती जनावरं गेली, ते सरपंच सांगत होते. घरं दोन, बकरी एक.

"मनुष्यहानी?" साहेबांनी विचारलं.

सरपंच बोलायच्या आधी मंगलीबाई पुढं आली. तीन वर्षांआधी याच रपट्यावर असाच कागद निघाला होता, आणि त्या रकान्यात आसाराम कुंभरे लिहून तिचा अंगठा खाली घेतला होता.

"कोनी नाई," ती म्हणाली. "लिवा साहेब. कोनी नाई."

साहेबांनी लिहिलं.

"काय लिवलं? वाचून दाखवा."

"मनुष्यहानी, निरंक," साहेब म्हणाले.

"परत वाचा ना."

साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी परत वाचलं. मंगलीबाईनं रकान्यातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग ती तिथंच रपट्याच्या ओल्या दगडावर बसली आणि आसाराम गेल्यापासून पहिल्यांदा, साऱ्या गावासमोर, मोठ्यानं रडली. जागेश्वर तिच्या बाजूला जाऊन बसला आणि तिचं रडून होईपर्यंत उठला नाही.